प्लॉट सत्तेचाळीस

वैरागडेंनी गाडी काटोल रोडवरून आत वळवली,
एसी बंद केला, काचा खाली घेतल्या,
म्हणाले, इथून हवाच वेगळी.
हवा तीच होती. एप्रिलची,
तव्यावरून उतरवायची राहून गेलेली.

लेआउट आखून झाला होता.
चुन्याच्या फक्क्या, चार कोपऱ्यांना चार दगड,
दगडांवर लाल रंगात आकडे.
आमचा सत्तेचाळीस. तीस बाय पन्नास, पूर्वमुखी,
आर.एल. दिवाळीपर्यंत हातात,
बोअरला दीडशे फुटांवर गोड पाणी.
ह्यांनी चपला काढून आत पाय ठेवला,
देवळात ठेवतात तसा,
आणि चटका बसून लगेच परत घातल्या.

मी तारेपलीकडे बघत होते.
तिथेही कुणीतरी दगड मांडून ठेवले होते,
काळे, रवंथ करत बसलेल्या म्हशींसारखे, गोल करून.
एक गोल, त्याला लागून दुसरा,
बोरीच्या झुडपाआड आणखी एक, पुढे पळसाखाली अर्धाच.
कोपरा नाही. रस्ता सोडलेला नाही.
पूर्व-पश्चिम विचारून घेतलेली दिसत नाही.

"ते काय आहे?"
"ते सरकारी आहे, ताई. तिथे बांधकाम होणारच नाही कधी.
व्ह्यू कायमचा मोकळा राहील तुम्हाला."

निळ्या पाटीवरची अक्षरं उन्हानं खाल्ली होती,
दंडाचा आकडा तेवढा शाबूत.
चौकीदार कुमरे दुपट्टा झटकत उठला.
किती जुनं आहे हो हे?
"बहुतच जुनं, बाई. लोखंड नवं होतं ना, तवाचं."

मग आठवली अजब बंगल्यातली कुऱ्हाड,
सातवीच्या सहलीत काचेला नाक लावून पाहिलेली,
गंजून गंजून बिस्किटासारखी झालेली.
तशीच कुऱ्हाड उशाला घेऊन इथे कुणी झोपायचं.
झोपायचं नाही. ठेवलेलं असायचं.

मी एका गोलातून पावलं मोजत आडवी गेले.
पलीकडे पोचल्यावर वाटलं, असं तुडवायला नको होतं.
पंधरा पावलं.
डोक्यातल्या डोक्यात चौरस फूट काढले
(ही सवय माझी नाही, गृहकर्जाची आहे):
हॉल, दोन खोल्या, ओटा, कपडे वाळत घालायला थोडी गॅलरी.
एका माणसाला. तेही मेलेल्या.

एका दगडावर खळगे होते, बोटाचं पेर बुडेल एवढे,
आधी ओळीनं, मग ओळ सोडून,
जसं हात दुखायला लागल्यावर अक्षर होतं.
"हे काय लिहिलंय?"
"लय साहेब लोकं आले, मोजून गेले.
कोणी म्हणे तारे होय, कोणी म्हणे दिशा होय.
कोणाचाच आकडा कोणाशी जुळत नाही.
मले इचारान त..."
पण विचारायच्या आत तो दगडाकडे वळला,
आणि थंड्याच्या जुन्या बाटलीतून
वर तोंड केलेल्या खळग्यांत
थेंब थेंब पाणी सोडू लागला.
सातवा भरेस्तोवर पहिला आटत आला होता.
मुंग्या आल्या. मग एक मुनिया,
इतक्या जवळ की तिची मान हललेली दिसली.
"रोज टाकता?"
"उन्हाळाभर."
"कुणी सांगितलं?"
त्यानं असं पाहिलं,
की जसं मी विचारलं, श्वास घ्यायला कुणी सांगितलं.

गावाचं नाव जुनापाणी आहे, हे मला माहीत होतं.
गाडीत बसल्यापासून वैरागडेंनी दहादा तरी घेतलं असेल.

तारेपलीकडून ह्यांची हाक आली: टोकन किती द्यायचं म्हणतेस?
मी अकरा म्हणाले, मला वाटतं. की एकवीस.
चेकवर घामाचा थेंब पडला आणि सही थोडी फुटली.

निघताना माझ्या चपलेचा धक्का
आमच्या कोपऱ्यातल्या दगडाला लागला.
तो कलंडला. आकडा मातीत गेला.
हे वाकून तो सरळ करू लागले,
दोन्ही हातांनी, अंदाजानं,
थोडा इकडे, नाही, थोडा तिकडे.
"राहू द्या साहेब," वैरागडे गाडी सुरू करत म्हणाले,
"हे कच्चेच आहेत. पक्के नंतर लावून देऊ."